वेक्टर नकाशे आभासी पृथ्वीगोलावर नेताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेक्टर, म्हणजे बिंदू-रेषा-आकारांच्या, नकाशाची शेपफाइल घेतली, गोलाला कळणारी केएमएल फाइल केली, गोलावर टाकली. इथवर दहा मिनिटं लागतात. मग दिसतं की सगळे पॉलिगॉन, म्हणजे बंद आकार, एकाच पांढऱ्या रंगात आहेत, नावांच्या जागी प्रश्नचिन्हं आहेत आणि अर्धा नकाशा समुद्रात आहे. पुढचे प्रश्न या टप्प्यावर अडलेल्यांचे आहेत. उत्तरं मुख्यतः गुगल अर्थ हा गोल आणि क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. सिझियमचं, म्हणजे ब्राउझरमधल्या गोलाचं, शेवटी वेगळं पाहू.

शेपफाइलमध्ये रंग दिले होते. केएमएल केल्यावर ते गेले कुठे?

ते शेपफाइलमध्ये कधी नव्हतेच. शेपफाइल ही एक फाइल नसून फाइलींचं कुटुंब आहे: .एसएचपीमध्ये आकार, .डीबीएफमध्ये माहितीचा तक्ता, .एसएचएक्समध्ये अनुक्रमणिका आणि .पीआरजेमध्ये प्रोजेक्शन, म्हणजे निर्देशांक कोणत्या पद्धतीतले आहेत ते. रंगाला यात कुठेच जागा नाही. तुम्ही पाहिलेले रंग क्यूजीआयएसच्या प्रोजेक्टमध्ये किंवा .क्यूएमएल, .एसएलडी अशा वेगळ्या स्टाइल-फाइलमध्ये होते. जिओजेसन या दुसऱ्या नकाशा-फाइलप्रकाराचंही तसंच. २०१६ च्या आरएफसी ७९४६ या प्रमाणकात आकार आणि गुणधर्म आहेत, रंगरूपाबद्दल अक्षरही नाही.

केएमएलचा स्वभाव याच्या उलट आहे. त्यात आकार आणि रूप एकाच फाइलीत नांदतात. म्हणून या रूपांतराला नुसतं रूपांतर समजलं की फसगत होते. निर्देशांक एका फाइलीतून दुसरीत जातात, रूप मात्र नव्याने लिहावं लागतं. ते कोण लिहिणार, तुम्ही की सॉफ्टवेअर, हे आधी ठरवा.

सॉफ्टवेअरवर सोपवायचं असेल तर क्यूजीआयएसमध्ये लेयर निर्यात करताना सिंबॉलॉजी, म्हणजे रंगरूप, निर्यातीचा पर्याय मुळात बंद असतो, तो ‘फीचर सिंबॉलॉजी’वर न्या. बहुतेकांचे रंग इथेच हरवतात. साधी भरणी, साधी रेषा आणि वर्गवारीचे रंग यातून नीट जातात. एकावर एक रचलेली चिन्हं, आडव्या-तिरप्या रेघांची भरणी, छटांचे उतार यांची आशा सोडा.

केएमएल हेच का? इतके प्रकार असताना?

कारण ते जन्मालाच गोलासाठी आलं. कीहोल या कंपनीचा गोल गुगलने २००४ मध्ये विकत घेतला, २००५ मध्ये तो गुगल अर्थ म्हणून लोकांसमोर आला आणि केएमएलमधला ‘के’ त्या जुन्या नावाची आठवण म्हणून राहिला. २००८ मध्ये ओजीसी या नकाशा-प्रमाणकं ठरवणाऱ्या संस्थेने २.२ ही आवृत्ती खुलं प्रमाणक म्हणून स्वीकारली. त्यामुळे कॅमेरा कुठून बघतो, वस्तू जमिनीला चिकटली आहे की हवेत आहे, किती जवळ गेल्यावर काय दिसावं, हे सगळं त्यात लिहिता येतं. साठवणीसाठी आणि विश्लेषणासाठी मात्र केएमएल वाईट आहे. मूळ डेटा जिओपॅकेज या साठवणीच्या फाइलप्रकारात ठेवा आणि केएमएलकडे छापील प्रतीसारखं बघा. मूळ बदललं की पुन्हा काढायची.

माझा नकाशा भलत्याच जागी का दिसतो?

किती भलत्या जागी, यावरून रोग ओळखता येतो.

आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात सगळं एका ठिपक्यात गोळा झालं असेल, तर निर्देशांक शून्य-शून्य झाले आहेत किंवा रिकाम्या रकान्यांना शून्य मानलं गेलं आहे. आकार ओळखीचा आहे पण आडवा पडून दुसऱ्याच खंडात गेला असेल, तर अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल झाली आहे. केएमएल आणि जिओजेसन दोन्हींत आधी रेखांश, मग अक्षांश. आपण बोलताना नेमकं उलट बोलतो, म्हणून हाताने केलेल्या तक्त्यांत ही चूक हमखास सापडते. त्यात जीडॅल या रूपांतर करणाऱ्या लायब्ररीच्या ३.० आवृत्तीपासून ईपीएसजी:४३२६ या अक्षांश-रेखांशांच्या कोडचा अधिकृत क्रम, म्हणजे अक्षांश आधी, पाळला जातो. जुन्या स्क्रिप्ट अचानक उलटं बोलू लागल्या असतील तर तिथे पाहा.

काहीच दिसत नसेल, तर निर्देशांक बहुधा मीटरमध्ये आहेत. केएमएलला फक्त डब्ल्यूजीएस ८४ या जागतिक निर्देशांक-पद्धतीतले अंश कळतात. यूटीएम या मीटरमधल्या प्रोजेक्शनचा पाच लाख हा आकडा त्याला रेखांश म्हणून दिला तर तो करणार काय? मूळ फाइलीसोबत .पीआरजे असेल तर क्यूजीआयएस आणि जीडॅलचं ओजीआर-टू-ओजीआर हे साधन योग्य बदल करून देतात. ती फाइल हरवली असेल तर मूळ प्रोजेक्शन शोधून सांगावं लागतं. इथे एक फरक डोक्यात पक्का ठेवा: लेयरला प्रोजेक्शन ‘नेमणं’ आणि लेयर दुसऱ्या प्रोजेक्शनमध्ये ‘नेणं’ या दोन वेगळ्या क्रिया आहेत. नेमल्याने फक्त लेबल बदलतं, आकडे जिथल्या तिथे राहतात.

आणि नकाशा जेमतेम शे-दोनशे मीटर सरकलेला असेल, तर डेटम, म्हणजे मोजणीला आधार धरलेला पृथ्वीचा आकार, चुकलं आहे. जुन्या कागदी नकाशांवरून उतरवलेल्या डेटात हे नेहमीचं. हाताने ढकलून बसवू नका. एका कोपऱ्यात जुळवलेलं दुसऱ्या कोपऱ्यात पुन्हा सुटतं.

नारिंगी रंग दिला, निळा दिसतोय. असं का?

केएमएलमध्ये रंगाचा क्रम उलटा असतो. वेबवर लाल-हिरवा-निळा असा सहा अंकी कोड असतो. केएमएलमध्ये आठ अंक असतात आणि क्रम अपारदर्शकता-निळा-हिरवा-लाल असा. वेबवरचा नारिंगी एफएफ-८०-०० हा केएमएलमध्ये एफएफ-००-८०-एफएफ असा लिहावा लागतो. पुढे नुसतं एफएफ जोडून तोच कोड चिकटवला की निळा उमटतो. हिरव्याची जागा दोन्हीकडे मधलीच, त्यामुळे हिरव्या छटा बरोबर दिसतात आणि चूक लवकर लक्षात येत नाही. मी एकदा पूरक्षेत्राचा अख्खा नकाशा असा पाठवला होता. पाणी तांबडं झालं होतं आणि पाहणाऱ्यांना ते धोक्याचं चिन्ह वाटलं, म्हणून कोणी तक्रारही केली नाही.

पहिले दोन अंक अपारदर्शकतेचे. एफएफ म्हणजे पूर्ण भरीव, ८० म्हणजे साधारण अर्धा, ६६ म्हणजे ४० टक्के, ०० म्हणजे अदृश्य. अंक सोळाच्या पद्धतीतले आहेत. ५० लिहिलं तर पन्नास टक्के होत नाही, ३१ टक्के होतं.

गोलावर कोणते रंग शोभतात?

कागदाची पार्श्वभूमी पांढरी असते. गोलाची पार्श्वभूमी म्हणजे उपग्रह-प्रतिमा: गडद हिरवी, मातकट, मध्येच काळपट पाणी. कागदावर सुंदर दिसणारे फिके हिरवे आणि तपकिरी रंग इथे विरघळून जातात. रेषांसाठी पांढरा, पिवळा, झगझगीत निळसर हे चालतात. रेषेला काठ हवा असेल तर केएमएलच्या मूळ प्रमाणकात तशी सोय नाही. एकच रेषा दोनदा काढायची, खाली जाड काळी आणि वर बारीक पिवळी.

छटांच्या नकाशात, म्हणजे घनता किंवा टक्केवारी दाखवताना, एक सापळा आहे. भरणी अर्धपारदर्शक केली की प्रत्येक छटा खालच्या प्रतिमेत मिसळते. एकच वर्ग वाळवंटावर वेगळा आणि जंगलावर वेगळा दिसतो, आणि सूचीतल्या कोणत्याच रंगाशी जुळत नाही. सात छटांचा हट्ट सोडा. चार पुरेत, आणि त्यांच्यात ठळक अंतर ठेवा. खालची प्रतिमा दिसणं गरजेचं नसेल तर भरणी ८० टक्क्यांपर्यंत भरीव ठेवायला हरकत नाही. रंगसूची पडद्यावर स्थिर हवी असेल तर तिचं चित्र करून स्क्रीनओव्हरले म्हणून जोडा.

प्रत्येक वस्तूला वेगळी स्टाइल लिहावी की सामायिक?

सामायिक, शक्य तिथे नेहमीच. निर्यात करणारी साधनं बहुतेक वेळा प्रत्येक वस्तूच्या पोटात तीच स्टाइल पुन्हा पुन्हा लिहितात. वीस हजार पॉलिगॉन आणि पाच रंग असतील तर पाच स्टाइल पुरतात, फाइलीत मात्र वीस हजार होतात. फाइल फुगते ती फुगते, वर नंतर एक छटा बदलायची तर वीस हजार जागी बदलावी लागते.

चांगली रचना अशी: दस्तऐवजाच्या सुरुवातीला पाच स्टाइल, प्रत्येकीला ओळखनाव, आणि वस्तूच्या आत स्टाइलयूआरएल टॅगमध्ये # लावून ते नाव. छोटी पायथन स्क्रिप्ट हे काम आरामात करते आणि त्यासाठी सिंपलकेएमएल नावाची लायब्ररीही आहे. ओळखनावं रंगावरून नका देऊ. ‘लाल’ नावाची स्टाइल उद्या जांभळी झाली की गोंधळ होतो. ‘अतिधोका’, ‘मुख्यरस्ता’ अशी अर्थावरून द्या.

याच्या जोडीला स्टाइलमॅप शिकून घ्या. त्यात एका वस्तूच्या दोन अवस्था असतात, एक नेहमीची आणि एक माउस वर आल्यावरची. नेहमीच्या अवस्थेत लेबलचा आकार शून्य आणि दुसऱ्या अवस्थेत एक ठेवला, की हजार बिंदूंच्या नावांची गर्दी नाहीशी होते आणि ज्याच्यावर माउस नेला त्याचंच नाव उमटतं. एवढ्याशा युक्तीने नकाशा किती शांत होतो ते करूनच पाहा.

तुटक रेषा कशी काढायची?

केएमएलमध्ये निघत नाही. रेषेला रंग आणि जाडी, बस. फारच गरज असेल तर क्यूजीआयएसमध्ये रेषेचेच तुकडे पाडून नेता येतात, पण ती लांबी जमिनीवरची असते. दूर गेलात की तुकडे एकमेकांत मिसळतात आणि जवळ आलात की एकेक तुकडा रस्त्याएवढा दिसतो. वेगळा रंग वापरा. जाडीही एरवी पिक्सेलमध्ये मोजली जाते. खऱ्या मीटरमधली जाडी हवी असेल तर गुगलच्या विस्तारातला फिजिकलविड्थ हा टॅग आहे, जो इतर गोल पाळतीलच असं नाही.

बिंदूंना नाव दिसतं, पॉलिगॉनला का नाही?

केएमएलच्या मूळ प्रमाणकात लेबल बिंदूलाच चिकटतं. उपाय असा की पॉलिगॉन आणि त्याच्या आतला एक बिंदू मल्टिजिऑमेट्री या टॅगमध्ये एकत्र बांधायचे. बिंदूसाठी नुसता मध्य घेऊ नका. चंद्रकोरीसारख्या आकाराचा मध्य आकाराच्या बाहेर पडतो. क्यूजीआयएसमधलं ‘पॉइंट ऑन सरफेस’ वापरा, तो बिंदू नक्की आत असतो.

आयकॉनबद्दलही इथेच सांगतो: केएमएलमध्ये दिलेला रंग आयकॉनच्या मूळ रंगाशी गुणला जातो. लाल आयकॉनला निळा रंग दिला तर निळा नाही, जवळजवळ काळा मिळतो. पांढरा आयकॉन घ्या आणि त्याला हवा तो रंग चढवा.

देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा चौकोन येतात.

दोष बहुधा केएमएलचा नसतो, ते सरळ यूटीएफ-८ मध्ये असतं. बिघाड .डीबीएफमध्ये होतो. हा जुना प्रकार स्वतःचं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवण्याची पद्धत, भरवशाने सांगत नाही, म्हणून सोबत .सीपीजी नावाची चिमुकली फाइल ठेवतात, जिच्यात फक्त ‘यूटीएफ-८’ एवढंच लिहिलेलं असतं. फाइली पाठवताना ती मागे राहिली की मजकूर विस्कटतो. क्यूजीआयएसमध्ये लेयरच्या गुणधर्मांत एन्कोडिंग बदलून पाहा. नावं सुधारली तर मग निर्यात करा. चौकोन येत असतील तर मजकूर शाबूत आहे, फॉन्ट नाही. आणि थेट प्रश्नचिन्हंच साठवली गेली असतील तर मूळ अक्षरं कायमची गेली, ती परत आणता येत नाहीत.

शेपफाइलची आणखी एक मर्यादा मराठीत काम करणाऱ्याला जास्त टोचते. कॉलमच्या नावाला दहा बाइट मिळतात आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-वेलांटीसकट, तीन बाइट खातं. ‘गाव’ किंवा ‘नदी’ कसंबसं बसतं. ‘लोकसंख्या’ला २७ बाइट लागतात, ते मधेच कापलं जातं. मजकुराच्या रकान्यालाही २५४ बाइटचीच जागा, म्हणजे देवनागरीत जेमतेम ८४ चिन्हं. इलाज एकच, मधल्या पायरीवर शेपफाइल टाळा. जिओपॅकेजमधून थेट केएमएल काढा.

क्लिक केल्यावर उघडणारा फुगा नीट कसा करायचा?

कॉलमची माहिती एक्स्टेंडेडडेटा टॅगमध्ये ठेवा आणि फुग्याचा साचा सामायिक स्टाइलमधल्या बलूनस्टाइलमध्ये एकदाच लिहा. साच्यात डॉलरचं चिन्ह आणि चौकटी कंसात कॉलमचं नाव लिहिलं की प्रत्येक वस्तूची किंमत तिथे येऊन बसते. प्रत्येक वस्तूच्या वर्णनात एचटीएमएलचा अख्खा तक्ता कोंबण्याची जुनी पद्धत सोडून द्या, तो डेटा पुन्हा बाहेर काढताना जीव जातो. मजकुरात & असेल तर तो सीडेटा या खुणेमध्ये गुंडाळा, नाहीतर त्या एका चिन्हापायी पूर्ण फाइल उघडत नाही.

लांब रेषा जमिनीत का घुसते? आणि सरळ सीमा वाकडी का होते?

दोन टोकांमध्ये सरळ रेघ मारली तर गोल मध्ये येतो. टेसेलेट टॅगची किंमत १ केली आणि वस्तू जमिनीला चिकटवली की रेषा डोंगरदऱ्यांवरून जाते. त्याने पहिला प्रश्न सुटतो आणि दुसरा सुरू होतो.

जमिनीवरून जाणारी रेषा दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा मार्ग धरते. तो अक्षवृत्तावरून जात नाही. उत्तर गोलार्धात ४९ अंशांच्या अक्षवृत्तावर २८ अंश रेखांशांचं अंतर फक्त दोन बिंदूंनी काढलं, तर मधोमध ती रेषा अक्षवृत्ताच्या उत्तरेला सुमारे ९५ किलोमीटर फुगते. सपाट नकाशावर हे कधी दिसत नाही, कारण तिथे दोन बिंदू म्हणजे पट्टीने मारलेली रेघ. जी सीमा अक्षवृत्तावरूनच जाते, तिच्यात निर्यातीपूर्वी मधले बिंदू भरा. क्यूजीआयएसमध्ये ‘डेन्सिफाय’ आहे. ओजीआर-टू-ओजीआरमध्ये सेगमेंटाइज आहे. हे काम अंशांच्या प्रोजेक्शनमध्ये करा, मीटरच्या नको, नाहीतर नवे बिंदूही चुकीच्या रेघेवर पडतील.

१८० अंशांची रेखावृत्त-रेषा ओलांडणारे आकार ही वेगळी डोकेदुखी. ते पृथ्वीला उलट बाजूने वळसा घालून पट्ट्यासारखे पसरतात. त्यांना त्या रेषेवर कापून दोन तुकडे करायचे. जिओजेसनचं प्रमाणकही हेच सांगतं.

इमारती उभ्या कशा करायच्या?

निर्देशांकात तिसरा आकडा म्हणून उंची, ऑल्टिट्यूडमोड ‘रिलेटिव्ह टू ग्राउंड’ आणि जमिनीपर्यंत भिंती ओढणारा एक्स्ट्रूड १. उंचीचा कॉलम असेल तर ओजीआर-टू-ओजीआरला झेडफील्ड या पर्यायात त्याचं नाव द्या. ‘ॲब्सोल्यूट’ मोड जपून वापरा. केएमएलमध्ये ती उंची समुद्रसपाटीपासून, म्हणजे ईजीएम९६ या जिऑइडपासून धरली जाते, आणि जीपीएसची कच्ची उंची डब्ल्यूजीएस ८४ च्या लंबगोलापासून, म्हणजे पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती आकारापासून, असते. दोन्हींतला फरक काही ठिकाणी १०० मीटरपर्यंत जातो. ड्रोनचा उड्डाणमार्ग जमिनीखालून गेलेला दिसला तर आधी हे तपासा.

फाइल इतकी जड झाली की गोल थिजतो.

गुगल अर्थ प्रो, जो २०१५ पासून मोफत आहे, शेपफाइल थेट आयात करतो, पण २,५०० हून जास्त वस्तू असल्या की आधी इशारा देतो. तो इशारा गंभीरपणे घ्या.

सर्वांत स्वस्त उपाय दशांशांचा. निर्यात झालेल्या फाइलीत कित्येकदा पंधरा दशांश स्थळं असतात. विषुववृत्तावर एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, तेव्हा सहावं दशांश स्थळ म्हणजे ११ सेंटिमीटर. त्यापुढचे आकडे अणुरेणूंच्या जवळ जाणारे आहेत आणि तुमचं सर्वेक्षण तितकं अचूक नव्हतं. सहावर थांबा. फाइल बरीच हलकी होते आणि चित्रात केसभरही फरक पडत नाही.

त्यानंतर बिंदू कमी करणं. डग्लस-प्यूकर ही १९७३ पासूनची पद्धत जवळपास सगळीकडे आहे. पण शेजारशेजारचे पॉलिगॉन तिने एकेक करून सोपे केले, तर सामायिक सीमा दोन्हीकडून वेगवेगळी कापली जाते आणि मध्ये फटी पडतात. सपाट नकाशावर त्या खपून जातात. गोलावर मात्र त्या फटींतून खालची प्रतिमा डोकावते. मॅपशेपर हे साधन सामायिक सीमा एकच मानतं, म्हणून फटी पडत नाहीत. मी इतर काही वापरणं सोडून दिलं आहे.

एवढ्यानेही भागलं नाही तर डेटाचे चौकोनी तुकडे करून प्रत्येकाला रीजन आणि नेटवर्कलिंक द्या. तुकडा पडद्यावर ठरावीक पिक्सेलहून मोठा दिसायला लागला की मगच तो मागवला जातो. मेहनत बरीच आहे, पण लाखभर वस्तू दाखवायला दुसरा सरळ मार्ग नाही.

केएमझेड वेगळं काय असतं?

झिप केलेलं केएमएल. आत मुख्य फाइल, सहसा डॉक.केएमएल नावाने, आणि सोबत आयकॉन-चित्रं. आयकॉनचे पत्ते सापेक्ष ठेवा. तुमच्या संगणकावरच्या ड्राइव्हचा पत्ता आत राहिला तर समोरच्याला आयकॉनच्या जागी फुली दिसेल, आणि तुमच्याकडे मात्र सगळं ठीक चालेल.

केएमएलवरून परत शेपफाइल करता येते का?

येते, पण रंग, फोल्डरची रचना आणि फुगे गळून पडतात. शेपफाइलमध्ये एका वेळी एकाच जातीचे आकार राहतात, म्हणून बिंदू, रेषा, पॉलिगॉन वेगळे काढावे लागतात. माहिती एक्स्टेंडेडडेटामध्ये असेल तर कॉलम नीट मिळतात. वर्णनातल्या एचटीएमएलमध्ये असेल तर स्क्रिप्ट लिहून वेचून काढायला लागते.

सिझियमसाठी हीच फाइल चालेल?

चालेल, पण केएमएलचा काही भागच तिथे पाळला जातो. ब्राउझरमधल्या गोलासाठी मी जिओजेसन नेतो आणि रंग जावास्क्रिप्टमध्ये कॉलमच्या किमतीवरून ठरवतो. रूप आकारापासून पुन्हा वेगळं होतं, आणि छटा बदलायला डेटा पुन्हा काढावा लागत नाही. दोन गोष्टी आधीच माहीत असू द्या. उंची तिथे लंबगोलापासून मोजली जाते, जिऑइडपासून नाही. आणि पॉलिगॉन जमिनीला चिकटवला की त्याची किनार काढली जात नाही, कन्सोलमध्ये फक्त एक इशारा येतो. सीमारेषा हवी असेल तर ती वेगळी रेषा म्हणून त्याच निर्देशांकांनी काढा आणि तिलाही जमिनीला चिकटवा.